अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचं भोक

२ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, अवजारांची पेटी, भिंगाचा दिवा, सगळं शाबूत. फाटकाशी सामान उतरवताना गाडीवाल्याने विचारलं, की या संग्रहालयात लोक नक्की काय बघायला येतात. म्हटलं, तत्त्वज्ञानाची जुनी पुस्तकं. तो म्हणाला, जुनी पुस्तकं आमच्या माळ्यावरही आहेत, तिकीट लावू का. हसतच आत शिरले.

इमारत दुमजली, करड्या दगडाची. तिकीटखिडकीतल्या बाईंना सगळे काकू म्हणतात, म्हणून मीही लगेच काकूच म्हणायला लागले. पन्नाशीच्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी पहिल्याच दमात सांगितलं, की येणाऱ्यांतले निम्मे लोक स्वच्छतागृहासाठी येतात आणि तिकीट काढलंच आहे म्हणून आत्म्याबद्दल चार ओळी वाचून जातात. दुपारी त्यांचे यजमान सायकलवरून डबा घेऊन आले. डबा खिडकीतून आत सरकवताना म्हणाले, अगं, आज मीठ जास्त झालंय, बोलू नकोस. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, की तीस वर्षं रोज हेच ऐकतेय, मीठही सुधारत नाही आणि हेही.

ग्रंथपाल साठीचे, एकटे, हळू बोलणारे. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी स्वतः दालनं दाखवली. एका दालनात फक्त आरशात धरून वाचायची पुस्तकं. एका कपाटात चारी बाजूंनी शिवून टाकलेला ग्रंथ. लिहिणाऱ्याचं म्हणणं, की ज्ञान मांडीवर घेऊन बसावं, उघडू नये. आत्म्याचे नकाशेही आहेत, त्यातला एक हुबेहूब नळाच्या जोडण्यांसारखा दिसतो. मी तसं बोलून गेले. सर हसले नाहीत, पण त्यांना राग आला नसावा.

माझं टेबल वरच्या मजल्यावर, नऊ खिडक्यांच्या लांबट खोलीत. उजेड उत्तरेचा, कागदाच्या कामाला असाच हवा. राहायला मागे एक खोली. डिसेंबरात दोन खोल्यांचं घर रिकामं होतंय, ते मिळालं की भुंगा इकडे येईल. तोवर ती माझ्या मोठ्या बहिणीकडे.

सात वाजता फोन केला. आई, तिथे भूत आहे का. आई, असलं तर फोटो काढ. आई, मी दूध पिऊन टाकलं, मावशीला विचार. नऊ वर्षांची झाली तरी हिचं एक वाक्य आईशिवाय सुरू होत नाही, आणि दोन वाक्यांच्या मधे गुणगुणणं चालूच. म्हणून तर ती भुंगा. ताईने फोन घेतला आणि म्हणाली, की तुझ्या लेकीला आई हा शब्द कुणीतरी घाऊक भावात दिलेला दिसतोय. मी दिवसभर मावशी आहे की भिंत तेच कळत नाही.

तिचे बाबा गेल्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर आज पहिल्यांदा मला उद्याचा कंटाळा आलेला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

ज्यासाठी मला बोलावलं तो ग्रंथ आज हातात आला. एका लोप पावलेल्या पंथाचा, हस्तलिखित, दोनशे बारा पानं. अक्षर देखणं. आणि पानापानावर भोकं. कुठे टाचणीएवढं, कुठे मसुरीएवढं. सर म्हणाले, कसरीने खाल्लंय. पहिली चाळीस पानं आधीच्या बाईंनी भरली, मग त्या काम सोडून गेल्या. पुढची मी भरायची.

काम नेहमीचंच. पान किंचित ओलं करायचं, भोकाच्या मापाचं पातळ कागदाचं ठिगळ गव्हाच्या खळीने बसवायचं, वर टीपकागद आणि वजन ठेवून वाळवायचं. आमच्या धंद्यातला पहिला नियम हा, की केलेली प्रत्येक दुरुस्ती उद्या कुणाला सोडवता आली पाहिजे. खळ म्हणूनच वापरतात. पाणी लावलं की सुटते.

दुसरा नियम, मूळ कागदाला कात्री लावायची नाही. तो मी पाळत नाही, हे इथे वहीत लिहायला हरकत नाही. माझे बाबा बुकबाइंडर होते. भोकाची कड कातरून साफ केली की जोड दिसत नाही, हे त्यांनी मला सातव्या वर्षी शिकवलं. पुढे संस्थेत शिकताना यावरून बोलणी खाल्ली. पण हाताला लागलेलं वळण. या ग्रंथात तर प्रत्येक भोकाभोवती केसाएवढी काळपट कड आहे, भिंगाखालीच दिसते. ती काढली की ठिगळ असं बसतं, की बोट फिरवूनही कळू नये. कातरलेलं फुंकरीने उडवलं की झालं.

आज एकेचाळिसावं पान पूर्ण केलं. सरांनी उजेडात धरून बघितलं. म्हणाले, बाई, इथे भोक होतं हे मलाही पटेना.

११ सप्टेंबर, बुधवार

एक गंमत. माझ्या निळ्या स्वेटरला सहा बटणं होती. मी स्वतः विणलेला, सहा काजं मोजून घातलेला. आज पाच आहेत. बटण तुटलं म्हणावं तर दोरा नाही, सहावं काजही नाही. पाचही सारख्या अंतरावर, जणू पहिल्यापासून तशीच.

भुंगाला सांगितलं. आई, तुला मोजता येत नाही. आई, मावशी म्हणते तुला पहिलीपासून गणित येत नव्हतं. मागून ताईचा आवाज, की मी असं काही म्हणाले नाही, म्हणजे म्हणाले, पण तुला सांगायला नाही.

पन्नास पानं झाली.

१८ सप्टेंबर, बुधवार

खोलीला आठ खिडक्या आहेत.

पहिल्या दिवसाचं पान उघडून बघितलं. नऊ लिहिलंय. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, पंधरा वर्षं पडदे मीच धुवायला टाकते, सोळा पडदे, खिडकीला दोन, तुम्हीच भागाकार करा. माझं टेबल चौथ्या खिडकीशी होतं, आता तिसऱ्याशी आहे. ते मी हलवलेलं नाही.

चहाच्या वेळी सरांना विचारलं, या ग्रंथात लिहिलंय तरी काय. ते खुलले, त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. पंथाचं म्हणणं असं, की जगातलं रितेपण ठरलेलं आहे. ते वाढत नाही, कमी होत नाही, फक्त जागा बदलतं. ज्याच्या घरात काही उणं व्हायला लागे, तो येऊन या ग्रंथाच्या पानाला तापल्या सुईने भोक पाडे. घरातलं उणेपण पानात जाई, आणि माणूस भरल्या घरी परत. मी विचारलं, मग ही भोकं कसरीची नव्हेत. सर म्हणाले, अहो, तत्त्वज्ञान आहे ते. तत्त्वज्ञान खरं असतं असं कोण म्हणतं.

काळपट कड आठवली. सुईने जळलेली कड तशीच दिसेल.

स्वतःलाच हसले आणि पुढचं पान घेतलं. आठ खिडक्या काही कमी नाहीत.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज दुपारी काकू बाहेरून पाव आणून एकट्या खात होत्या. मी विचारलं, आज डबा नाही आला. कुणाचा डबा, म्हणाल्या. यजमान आले नाहीत का, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट बघितलं आणि खो खो हसत सुटल्या. बाई, लग्नाचं वय होतं तेव्हा घरच्यांनी पाच स्थळं आणली, पाचांनाही मी चहा कडू करून दिला. सुटले म्हणा. आता या वयात तुम्ही कुठून काढलात यजमान.

थट्टा करत असतील असं वाटून मी त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटात अंगठी नव्हती. अंगठीचा वळही नव्हता.

सकाळी मी त्र्याऐंशीवं पान वाळत ठेवलं होतं, त्यात वाटाण्याएवढी दोन भोकं होती.

तिथेच थांबायला हवं होतं. पण वर टेबलावर अठ्ठ्याऐंशीवं पान ओलं करून ठेवलेलं. ओलं पान अर्धवट सोडलं की ते आवळतं, शाई पसरते, मग ते कुणालाच वाचवता येत नाही. वीस वर्षांत मी एकही पान तसं सोडलेलं नाही. या पानावर ग्रंथातलं सगळ्यात मोठं भोक, अंगठ्याच्या नखाएवढं. मी स्वतःला सांगितलं, काकूंची तब्येत बरी नसेल. कड कातरली. ठिगळ बसवलं. हात जरासुद्धा कापले नाहीत, याची आता लाज वाटतेय.

सात वाजता भुंगाशी बोलले. आई, उद्या मला शाळेत गाणं म्हणायचंय. आई, ऐक. आणि तिने सगळं गाणं म्हणून दाखवलं, दुसरं कडवं विसरली तिथे गुणगुणून वेळ मारून नेली. पान तेव्हा वजनाखाली होतं. वाळायचं होतं अजून.

२५ सप्टेंबर, बुधवार

गाणं कसं झालं विचारायला दुपारीच फोन केला. ताई म्हणाली, कसलं गाणं. भुंगाचं, म्हटलं. ती म्हणाली, कोण भुंगा.

आधी वाटलं रागावलीय. मग तिचा आवाज बदलला. आमच्या बाबांच्या आजारपणात तो असा व्हायचा. बाळा, तू नीट जेवतेस ना, असं विचारलं. ताई मला बाळा म्हणत नाही.

फोनमधले फोटो बघितले. रिकामा झोका. नऊ मेणबत्त्यांचा केक, मागे नुसती खुर्ची. समुद्रावर मी वाकून हसतेय, माझा हात हवेत, कमरेएवढ्या उंचीवर, कुणाच्या तरी डोक्यावर असल्यासारखा.

खोलीचं दार लावून पोटावर बघितलं. तिच्या वेळचा टाका होता, आडवा, वीतभर. दमट हवेत खाजायचा. पोट गुळगुळीत आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सरांना सगळं सांगितलं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं. ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, माझ्या घरी भिंतीवर एक फोटो आहे. मी सोफ्यावर एका कडेला बसलोय, हात शेजारी पसरलेला. मधोमध कुणीच नाही. असा फोटो माणूस कशाला काढून घेईल आणि चौकटीत कशाला लावील, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. आधीच्या बाई काम करत होत्या, तेव्हापासून तो तसा आहे की आधीपासून, तेही सांगता येत नाही.

आधीच्या बाईंचं कोण होतं, असं विचारलं. कुणीच नव्हतं, म्हणाले. मग पुस्ती जोडली, निदान त्या तसं सांगायच्या.

मी म्हटलं, खळ आहे, सुटेल. ते एवढंच म्हणाले, की घाई करू नका, एक लहान भोक उघडून बघा आधी.

जिवात जीव आला. सुटेल ना. सोडवता येणार नाही असं मी आयुष्यात काही चिकटवलेलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी त्र्याऐंशीव्या पानाची दोन्ही ठिगळं काढली. अलगद निघाली.

दुपारी काकूंचे यजमान आले. वरून सायकल बघितली आणि मी जिन्यावरून अक्षरशः धावत खाली गेले. ते खिडकीशी उभे होते, डबा पुढे केलेला. म्हणत होते, मीठ जास्त झालंय, बोलू. मीठ जास्त झालंय, बोलू. मीठ जास्त. काकू आधी हसल्या. अहो पुरे, आत द्या तो. डबा घेतला तरी त्यांचा हात मागे गेला नाही. तो तसाच काचेवर दाबत राहिला, पांढरा पडेपर्यंत.

त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळत नाही आणि थांबायचं कुठे तेही. काकूंनी पाणी दिलं. ते पीत राहिले. पेला रिकामा झाला तरी गिळत राहिले.

चार वाजता काकू त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, सकाळपर्यंत अगदी बरे होते हो. काय खाल्लं कुणास ठाऊक.

मला ठाऊक आहे. भोक मी उघडलं, पण ते पहिलं भोक नाही. त्याची कड मी कातरली. जे परत येतं ते कडेशिवाय येतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

टेबलाखाली, फरशीच्या फटींत, झाडूत, केराच्या डब्यात शोधलं. कातरलेला कागद म्हणजे पापणीच्या केसाहून बारीक. केर रोज जातो. गेला.

बाबा, तुम्ही मला हे कशाला शिकवलंत.

२९ सप्टेंबर, रविवार

संग्रहालय बंद. मी आणि अठ्ठ्याऐंशीवं पान समोरासमोर.

ताईचा दोनदा फोन. रजा काढ, घरी ये, मी डॉक्टरांशी बोलते. तिच्या आवाजामागचं घर इतकं नीटनेटकं, इतकं शांत. तिथे माझं मूल तीन आठवडे राहिलं आणि एक पेन्सिलसुद्धा मागे नाही.

काकूंच्या यजमानांचं डोळ्यांसमोरून हलत नाही. तरी मनात येतं, ते आहेत. काकूंना हाताला धरायला ते आहेत. भुंगाही येऊ दे, कशी का असेना, अर्धीमुर्धी का असेना. आई असं मोजत नाही. मोजायला हवं का, माहीत नाही.

पाणी लावलं. ठिगळ सुटलं.

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी आंघोळ करताना हाताला टाका लागला. तिथेच खाली बसले.

मग ताईचा फोन, तिच्या नेहमीच्या रागात. काल फोन का केला नाहीस, पोरगी वाट बघत होती, आणि हिला आज काय झालंय ते तूच बघ बाई. फोन भुंगाकडे दिला.

तिथे भूत असलं तर. फोटो. गाणं म्हणायचं. म्हणायचं. दूध पिऊन. असलं तर.

मधे गुणगुणणं. मधे म्हणजे खाली. बोलत असताना खालून चालूच होतं, श्वास घ्यायलाही तुटत नव्हतं.

मी तिला सांगितलं, बाळा, आई म्हण. एकदा म्हण. ती म्हणाली, म्हण. म्हण एकदा. बाळा म्हण.

तिचं प्रत्येक वाक्य जिथून सुरू व्हायचं, तेवढंच मी कातरून टाकलंय.

२ ऑक्टोबर, बुधवार

ताई तिला घेऊन आली. प्रवासभर हिचा हात सोडला नाही, म्हणाली, आणि हात सोडला नाही म्हणजे कुठून कुठवर धरलाय तेच समजेना. मी घेतला तेव्हा कळलं. बोटं आहेत, नखं आहेत. पण माझा तळवा कुठे संपला आणि तिचा कुठे सुरू झाला, ते डोळे मिटले की सांगता येत नाही. उघडले तरी नीट नाही. उजेडात तिच्या गालाची रेघ सापडत नाही.

कुशीत घेतलं. तिला रडू आलं. ते सकाळपासून चालू आहे.

डॉक्टर येऊन गेले. घसा साफ, नाडी बरी. गुणगुणणं थांबवायला औषध नाही म्हणाले, आणि बिचारे हसायला गेले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

झोपत नाही. झोपेला सुरुवात लागते.

घास दिला तर चावतच राहते. मी बोटाने काढते. ओठ फुटलेत. रडणं आणि गुणगुणणं एकात एक —

आज मधेच, स्पष्ट, मोठ्या माणसासारखं म्हणाली, दुखतंय आता नको थांबव दुखतंय आता नको. मी विचारलं, कुठे दुखतंय. तिने बोट उचललं. ते कुठेच टेकलं नाही, फिरत राहिलं.

काकू खिडकीत नसतात. घरून निरोप, यजमानांना सोडून येता येत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

सरांना विचारलं, नवी कड देता येईल का. सुईने. ते म्हणाले, सुईने भोक पडतं, कड ज्याची त्याचीच असते. मग म्हणाले, परत भरता येईल.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते बोलत राहिले. कड गेल्याने आता भोक पहिल्याहून मोठं आहे. भरलं तर रितेपणही मोठं निघेल. गेल्या वेळी फक्त मुलगी गेली, तुम्हाला आठवण राहिली. या वेळी तीही जाईल. मुलगी होती याचं दुःखसुद्धा उरणार नाही.

ते सांत्वन म्हणून म्हणाले.

६ ऑक्टोबर, रविवार

ताईला सगळं सांगितलं. विश्वास बसला की नाही माहीत नाही, पण चार दिवस तिने भुंगाला मांडीवर घेतलंय. तिला वेगळा पुरावा लागत नाही.

ती म्हणाली, तू आई आहेस, तू ठरव. मी तुला जन्मात कधी बोल लावणार नाही. मग म्हणाली, लावायला मला आठवणार तरी कुठे. आम्ही दोघी हसलो. ते हसणं मला इथे लिहायचं नव्हतं.

भुंगा बघत होती. डोळे सुजून बंद व्हायला आलेत, पण बंद होत नाहीत. पापणी अर्ध्यावर —

मी तिच्यासाठी करतेय की माझ्यासाठी. उद्या हा प्रश्नही नसेल.

७ ऑक्टोबर, सोमवार

अकरा वाजून दहा मिनिटं. पान ओलं केलं. या वेळी काही कातरलं नाही. ठिगळ बसवलं, टीपकागद, वजन. वीस मिनिटं लागतात.

ताई खाली. तिला वर येववेना. भुंगा समोर स्टुलावर, माझ्या निळ्या स्वेटरमध्ये. मघाशी तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. वेणीचं टोक सापडत नव्हतं तरी घातली. तिला सांगितलं, दुखायचं थांबेल. ती म्हणाली, थांबेल थांबेल थांबेल.

वीस मिनिटांत जेवढं होईल तेवढं लिहिते. नाव शेवटी, ते काही जाणार नाही.

जन्मली तेव्हा रडली नाही, सगळे घाबरले, मग शिंकली.

डाव्या भुवईत केस नाहीत एका जागी, टेबलाचा कोपरा लागलेला.

पावाची कड खात नाही. मी खाते.

तिचे बाबा गेले त्या दिवशी माझ्या पदराला धरून विचारलं, आई, तू जाणार नाहीस ना. म्हटलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक वाक्याआधी — हाक मारून बघायची. मी आहे का ते बघायची. हे मला आत्ता कळतंय. दोन वर्षं मी हसत होते.

अकरा एकवीस. गुणगुणणं हळू झालं.

भिजलेल्या मोज्यांचा तिचा वास. म्हणजे पावसात. शाळेतून.

उजव्या — की डाव्या भुवईत —

सात महिन्यांची असताना चालली. नाही, सात नाही. कोण सात महिन्यांत —

ती माझ्याकडे बघतेय. गालाची रेघ दिसली. पूर्ण. एकदम स्वच्छ. ओठ हलले, मी वाकून —

अकरा सव्वीस. केवढी शांतता. किती दिवसांनी कान मोकळे झाल्यासारखे. स्टुलावर स्वेटर पडलाय, असा टाकायची सवय नाही मला. हाताला तेल कशाचं, कागदाच्या कामात तेल म्हणजे —

धुऊन आले.

अकरा तीस. पान वाळलं. काम सुरेख झालंय. उजेडात धरून बघितलं, कुठे जोड होता ते मलाही सापडेना. खाली ताई आलीय म्हणे, न कळवता. जिन्यात बसून रडतेय आणि का ते तिलाच सांगता येत नाहीये. जाते. वही उघडी राहिलीय, शाई ओली आहे. अक्षर माझंच. पण कोण शिंकली, कुणाची भुवई, हे सगळं मी कुणाबद्दल